अमेरिकेत गार्डियनच्या देखभालीखाली असलेल्या आप्तांची भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९६५ नंतर अमेरिकेत आलेली मराठी माणसांची पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशी ओलांडते आहे. कुणाला अल्झायमर आहे, कुणी पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलं आहे. अशा वेळी कोर्टाने एखाद्या मुलाला, दुसऱ्या पत्नीला किंवा अगदी परक्या व्यावसायिक माणसाला त्यांचा गार्डियन नेमलं, आणि त्याने बाकीच्या घरच्यांची भेट बंद केली, तर पुढे काय करायचं हे बहुतेकांना माहीत नसतं. अशा काही कुटुंबांसोबत बसून कोर्टाचे कागद वाचले, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. ते इथे लिहिले आहेत. गार्डियनशिपचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. म्हणून ही माहिती घेऊन आपल्या राज्यातल्या वकिलाकडे जा. हिलाच वकिलाचा सल्ला समजू नका.

गार्डियन म्हणजे नेमका कोण?

प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाही असं कोर्टाने पुरावा पाहून ठरवलं, की त्याच्या वतीने निर्णय घ्यायला कोर्ट ज्याला नेमतं तो गार्डियन. कॅलिफोर्नियात प्रौढांच्या बाबतीत त्यालाच कॉन्झर्व्हेटर म्हणतात. इतर अनेक राज्यांत कॉन्झर्व्हेटर म्हणजे फक्त पैशाअडक्याचं पाहणारा. म्हणून एका राज्यातल्या मित्राने दिलेला सल्ला दुसऱ्या राज्यात लावताना जपून.

माझी बहीण म्हणते, “मीच गार्डियन आहे.” हे खरं कसं कळणार?

कागद मागा. कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे ‘लेटर्स ऑफ गार्डियनशिप’ नावाचं पत्र असतं आणि त्यामागे कोर्टाचा सविस्तर आदेश असतो. अनेकदा असं निघतं की बहिणीकडे फक्त मुखत्यारपत्र आहे. आईने शुद्धीत असताना सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणि कोर्टाने दिलेलं गार्डियनपद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पैशांच्या मुखत्यारपत्रावर तर आईला कोण भेटणार हे मुळीच ठरवता येत नाही.

आदेश हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोर्टाने कुठले अधिकार दिले आणि कुठले दिले नाहीत, हे त्यातच लिहिलेलं असतं. भेटीगाठींबद्दल त्यात चकार शब्द नसेल, तर ते तुमच्या बाजूचं आहे. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

भेटीचा हक्क कुणाचा? माझा की आईचा?

आईचा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण बहुतेक कुटुंबं इथेच चुकतात.

मुलगा कोर्टात जातो आणि म्हणतो, “मी पोटचा मुलगा आहे, मला भेटू द्या.” ऐकायला हे रास्त वाटतं. पण कायदा बहुतेक ठिकाणी वेगळ्या दिशेने विचार करतो. माणूस आजारी पडला, त्याची स्मृती गेली, त्याच्यावर गार्डियन आला, म्हणून त्याचं माणूसपण संपत नाही. कुणाला भेटायचं, कुणाशी फोनवर बोलायचं, कुणाचं पत्र घ्यायचं, हे हक्क त्याच्याकडेच राहतात. कॅलिफोर्नियाच्या प्रोबेट संहितेत (वारसा आणि गार्डियनशिपच्या कायद्यात) हे स्पष्ट आहे: पाहुणे, फोन आणि खासगी पत्रं घेण्याच्या हक्कावर कॉन्झर्व्हेटरची सत्ता चालत नाही, कोर्टाने आदेशात ती मुद्दाम दिली असेल तरच चालते. फ्लोरिडाच्या कायद्यातली राखून ठेवलेल्या हक्कांची यादी पाहिली तर तिथेही पाहुण्यांना भेटणं आणि इतरांशी संपर्क ठेवणं आहे. टेक्सासने २०१५ मध्ये अशा व्यक्तींच्या हक्कांची सनदच कायद्यात घातली. तिच्यात स्वतःच्या पसंतीच्या माणसांशी खासगीत, कुणी कान न देता बोलण्याचा हक्क आहे.

काही राज्यांत नातेवाइकांना स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, हे खरं. पण तिथेही न्यायाधीश शेवटी हेच पाहतात, की ही भेट आजारी माणसाला हवी आहे का आणि त्याच्या हिताची आहे का. तेव्हा “मला आईला भेटायचं आहे” याऐवजी “आईला मला भेटायचं आहे, आणि हे त्याचे पुरावे” असं म्हणा. अर्ज तोच राहतो, पण त्याचं वजन बदलतं.

गार्डियनला भेट अजिबातच थांबवता येत नाही का?

काही वेळा येते, आणि यावी. वडिलांकडून चेकवर सह्या घेणारा मुलगा, आजारी बायकोला मारहाण केलेला नवरा, औषधं बंद करा म्हणून कानाशी लागणारा नातेवाईक, अशी माणसं असतात. प्रश्न एवढाच, की थांबवण्याचा निर्णय कुणी घ्यायचा आणि किती काळ.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या युनिफॉर्म लॉ कमिशनने, म्हणजे राज्यांसाठी कायद्यांचे नमुने लिहिणाऱ्या संस्थेने, एक नमुना कायदा तयार केला. त्यातली रचना मला आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात समंजस वाटते. कोर्टाचा आदेश किंवा संरक्षणाचा (त्या माणसाला दूर ठेवणारा) हुकूम नसताना गार्डियनला भेट रोखायची असेल, तर त्या भेटीतून शारीरिक, मानसिक किंवा आर्थिक असं मोठं नुकसान होईल असं मानायला ठोस कारण हवं. तेव्हाही कुटुंबातला किंवा आधीपासून ओळखीचा माणूस असेल तर कामकाजाचे जास्तीत जास्त ७ दिवस रोखता येतं, आणि पूर्वीची ओळख नसलेला असेल तर ६० दिवस. त्यापुढे कोर्टात जाण्यावाचून गत्यंतर नाही. नमुना कायदा आपोआप लागू होत नाही, राज्याने तो स्वीकारावा लागतो. मेन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी स्वीकारला आहे.

इतरत्र चित्र मिश्र आहे. टेक्सासमध्ये मोठी हानी होत असेल तर गार्डियन भेटीवर मर्यादा घालू शकतो, पण संरक्षणासाठी लागेल तेवढीच, आणि आजारी व्यक्ती त्यावर सुनावणी मागू शकते. फ्लोरिडात गार्डियनने घरच्यांशी संपर्क राहू द्यायचा असतो, अपाय होईल असं त्याला वाटलं तरच अपवाद. इंग्लंडच्या २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्याने तर कोर्टाने नेमलेल्या प्रतिनिधीला एखाद्या माणसाची भेट बंद करण्याचा अधिकार देताच येत नाही असं ठरवून टाकलं आहे. तो निर्णय फक्त कोर्टाचा. अमेरिकेत सगळीकडे ही रेषा इतकी ठळक असती, तर कितीतरी घरं वाचली असती.

‘पीटर फॉक कायदा’ म्हणून ऐकलं आहे. तो काय आहे?

‘कोलंबो’ या मालिकेतले गुप्तहेर, अभिनेते पीटर फॉक यांना अखेरच्या वर्षांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने त्यांच्या पत्नीला कॉन्झर्व्हेटर नेमलं आणि मुलीला मर्यादित भेटी दिल्या. २०११ मध्ये ते गेले. पुढे त्या मुलीने राज्याराज्यांत फिरून कायदा बदलण्याची मोहीम चालवली. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये तसा बदल केला. तेव्हापासून तिथे गार्डियन नेमतानाच आदेशात लिहिलं जातं, की भेटीचा हक्क कुणाला आणि दवाखान्यात हलवल्याची किंवा निधनाची बातमी कुणाला कळवायची.

अशीच दुसरी मोहीम निवेदक केसी केसम यांच्या मुलांनी उभी केली. ‘अमेरिकन टॉप फॉर्टी’ हा त्यांचा रेडिओ कार्यक्रम घराघरांत ऐकला जाई. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं, त्याआधी मुलांना त्यांच्या भेटीसाठी झगडावं लागलं होतं. आयोवा राज्याने २०१५ मध्ये या विषयावर कायदा केला, आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी.

एक गैरसमज मात्र काढून टाका. फॉक यांच्या नावाचा देशभर लागू असा एकच कायदा नाही. वकिलाला “पीटर फॉक कायदा लावा” म्हणण्यापेक्षा “आपल्या राज्यात भेटीबद्दल कुठलं कलम आहे?” असं विचारा.

नर्सिंग होममध्ये दारावरच सांगतात, “गार्डियनने मनाई केली आहे.” मग?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा दवाखाना. अमेरिकेत मात्र ती दीर्घकाळ राहून देखभाल घेण्याची जागा असते. तिथल्या ज्या संस्थांना मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा मेडिकेडची (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा) मान्यता आहे, त्यांना केंद्र सरकारचे नियम लागू होतात. त्या नियमांनुसार रहिवाशाला आपल्या पसंतीचे पाहुणे, आपल्या पसंतीच्या वेळी भेटू शकतात. जवळच्या कुटुंबीयांना संस्थेने लगेच आत सोडायचं असतं. रहिवाशाने स्वतः नकार दिला तर गोष्ट वेगळी. कोर्टाने प्रतिनिधी नेमला असेल, तर कोर्टाने सोपवले तेवढेच हक्क तो वापरू शकतो, बाकीचे रहिवाशाकडे राहतात. कोविडच्या काळात आलेले निर्बंधही १२ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राने उठवले, त्यामुळे “अजून तेच नियम आहेत” हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामात मदत मिळणारी निवासाची जागा) किंवा मेमरी केअर (स्मृती गेलेल्यांसाठीची तशीच जागा) या संस्थांना हे केंद्रीय नियम नाहीत, तिथे राज्याचे नियम पाहावे लागतात.

दारात आवाज चढवू नका. तिथली कर्मचारी मुलगी फक्त तिला सांगितलेलं काम करते आहे, आणि तुमच्या चिडण्याची नोंद उद्या कोर्टात गार्डियनच्या बाजूने वाचली जाईल. शांतपणे सांगा: “मनाईचा कोर्टाचा आदेश असेल तर तो दाखवा, नसेल तर भेट का नाकारली ते लेखी द्या.” मग राज्याच्या लाँग टर्म केअर ओम्बड्समनला, म्हणजे अशा संस्थांमधल्या रहिवाशांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. प्रत्येक राज्यात हे कार्यालय असतं, सेवा मोफत असते आणि ते रहिवाशाच्या बाजूने बोलतात. निम्म्या गोष्टी याच पायरीवर सुटाव्यात असं मला मनापासून वाटतं, पण लोक थेट वकील गाठतात.

कोर्टात अर्ज करायचा झाला तर त्यात काय हवं?

अर्ज सहसा ज्या कोर्टाने गार्डियन नेमला त्याच कोर्टात जातो. (न्यूयॉर्कमध्ये त्या कोर्टाचं नाव सुप्रीम कोर्ट आहे. घाबरू नका, तिथे ते खालच्या पायरीचं, दावे चालवणारं कोर्ट असतं.)

पहिली गोष्ट म्हणजे नात्याचा इतिहास. आजारापूर्वी तुमचं आईशी कसं जमत होतं? दर रविवारचे फोन, एकत्र केलेले प्रवास, तिने लिहिलेली पत्रं, व्हॉट्सअॅपवरचे तिचे निरोप. आईला आज सांगता येत नसेल, तर तिची इच्छा तिच्या आधीच्या वागण्यावरूनच ओळखतात. आयोवाच्या कायद्यात तर जुन्या संबंधांवरून संमती गृहीत धरण्याची सोयच आहे.

मग नाकारलेल्या भेटींची वही. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. त्याच दिवशी लिहिलेल्या चार ओळींना महिन्यांनंतर आठवून लिहिलेल्या चार पानांपेक्षा जास्त किंमत असते.

आणि नेमकी मागणी. “वाजवी भेट द्यावी” असं मोघम लिहिलं, तर वाजवी म्हणजे किती यावरूनच पुढची दोन वर्षं भांडण चालतं. “दर शनिवारी दुपारी २ ते ४, बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, वाढदिवशी जादा भेट” असं मागा. अनेक कोर्टं चौकशीसाठी त्रयस्थ माणूस पाठवतात. न्यूयॉर्कमध्ये त्याला कोर्ट इव्हॅल्युएटर म्हणतात, कॅलिफोर्नियात कोर्ट इन्व्हेस्टिगेटर. तो आईला एकटीला भेटून न्यायाधीशांना अहवाल देतो. तसा माणूस नेमावा ही मागणी अर्जातच करा.

बहिणीची जन्मभराची पापं मात्र अर्जात लिहू नका. दागिन्यांची वाटणी, पुण्यातला फ्लॅट, वीस वर्षांपूर्वीचं लग्न हे सगळं वाचून न्यायाधीशांना एवढंच दिसतं, की या मुलांचं आपसात पटत नाही आणि मधे आजारी आई सापडली आहे. मग ते दोघांवरही संशय घेतात.

तब्येत फार खालावली असेल तर तातडीची सुनावणी मागा. टेक्सासमध्ये अशा अर्जाची सुनावणी साधारणपणे ६० दिवसांच्या आत होते, मृत्यू जवळ आला असेल तर १० दिवसांच्या आत.

कोर्टाने “देखरेखीखाली भेट” दिली. हा अपमान नाही का?

तसा वाटतो, पण ती स्वीकारा. तिसरा माणूस खोलीत बसलेला असताना सहा भेटी शांतपणे पार पडल्या, तर देखरेख काढा म्हणायला तुमच्याकडे सगळ्यात चांगला पुरावा तयार होतो.

एक मुद्दा आपल्या माणसांच्या बाबतीत हमखास येतो. डिमेन्शियात अनेकांची नंतर शिकलेली इंग्रजी आधी निसटते आणि मराठी उरते. देखरेख करणाऱ्याला मराठी येत नाही, म्हणून “इंग्रजीतच बोला” अशी अट कुणी घातली, तर ती भेट नावापुरतीच उरते. आईशी मराठीत बोलता यावं आणि गरज पडल्यास दुभाषी मिळावा, हे आदेशात लिहून घ्या. हे आधी मागावं लागतं, दारात ऐन वेळी मिळत नाही.

आणि भेट चोरून रेकॉर्ड करू नका. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सर्वांच्या संमतीविना खासगी बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.

आईच म्हणाली, “मला याला भेटायचं नाही,” तर?

हक्क तिचा आहे, तेव्हा नकारही तिचाच. पण तो नकार तिचा स्वतःचा आहे का, हे पाहता येतं. गार्डियन शेजारी बसलेला असताना ती काय म्हणते आणि त्रयस्थ माणसाला एकांतात काय सांगते, हे ताडून पाहायला कोर्टाला सांगता येतं. तिच्यासाठी स्वतंत्र वकील नेमण्याची मागणीही करता येते. हे सगळं करूनही ती नाहीच म्हणाली, तर थांबा. पत्र पाठवा, फोटो पाठवा, काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

मी भारतात आहे. मला काही करता येईल का?

येईल. या हक्कात फोन आणि व्हिडिओ कॉलही मोडतात, आणि सात समुद्रापलीकडच्या माणसासाठी कोर्टाकडून मिळवायला तीच सगळ्यात सोपी गोष्ट असते. आईला स्वतःला फोन लावता येत नसेल, तर संस्थेतल्या कुणीतरी ठरल्या वेळी तो लावून तिच्या हातात द्यावा, हेही मागा. वेळ लिहिताना दोन्हीकडची लिहा. अमेरिकेत घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात आणि तेवढ्यावरून कॉल चुकतात.

गार्डियनने वडिलांना दुसऱ्या राज्यात नेलं. आता कुठलं कोर्ट?

सहसा जुनंच, ते प्रकरण रीतसर दुसरीकडे वर्ग होईपर्यंत. गार्डियन अजून नेमलेलाच नसेल, तर अर्जाआधी सलग सहा महिने माणूस जिथे राहिला ते राज्य पाहतात. बहुतेक राज्यांनी यासाठीचा एकसमान कायदा स्वीकारला आहे. हलवाहलव दिसली की दिवस मोजत बसू नका, त्याच आठवड्यात वकिलाशी बोला.

खर्च कुणाच्या खिशातून जातो?

तुमच्या वकिलाचा तुमच्या. गार्डियनच्या वकिलाची फी मात्र कोर्टाच्या मंजुरीने आजारी माणसाच्या पैशांतून दिली जाऊ शकते. म्हणजे तुम्ही भेटीसाठी लढता आणि तुमच्या पैशांसोबत वितळते ती वडिलांची पुंजी, जी त्यांच्या देखभालीसाठी लागणार आहे. म्हणून मध्यस्थीची सोय असेल तर ती आधी करून पाहा. आर्थिक फसवणूक किंवा हेळसांड होत असल्याचा संशय असेल, तर ॲडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेसकडे (असहाय प्रौढांच्या छळाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याकडे) तक्रार करायला पैसे पडत नाहीत.

दवाखान्यात हलवलं, किंवा काही बरंवाईट झालं, तर मला कळवतील ना?

आपोआप कळवतीलच असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियात निधनाची सूचना द्यायची जबाबदारी कॉन्झर्व्हेटरवर आहे, पण ती ठरावीक लोकांनाच, आणि त्यात स्वतःचं नाव घालून घ्यावं लागू शकतं. न्यूयॉर्कमध्ये आदेशातली नावं महत्त्वाची. टेक्सासमध्ये निधन, दवाखान्यातला तीन किंवा अधिक दिवसांचा मुक्काम आणि राहत्या जागेतला बदल, यांची माहिती, तशी लेखी मागणी केलेल्या जवळच्या नातेवाइकांना द्यावी लागते. तुमचा पत्ता, फोन आणि ईमेल कोर्टाच्या फाइलमध्ये लेखी नोंदवा आणि बदलला की पुन्हा कळवा. वडिलांच्या अंत्यविधीची बातमी फेसबुकवर वाचणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याचा पत्ता फाइलमध्ये जुना होता.

मीच गार्डियन आहे, आणि भाऊ येऊन गेला की आई रात्रभर अस्वस्थ असते. मी काय करू?

तुमचा थकवा खरा आहे. रात्री जागता तुम्ही, आणि तो तासभर येऊन जातो. तरीही भेट बंद करण्याआधी ती बदलून पाहा. संध्याकाळी डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची घालमेल वाढते, म्हणून सकाळची वेळ द्या. तास कमी करा. पैशांचे विषय खोलीबाहेर ठेवा. आईची अस्वस्थता तो आल्यामुळे आहे की तो निघून गेल्यामुळे, हे नीट बघा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. खरंच अपाय होत असेल तर डॉक्टरांची नोंद घेऊन स्वतःच कोर्टात जा. आधी परवानगी घेतलेली बंदी टिकते. स्वतःच्या मनाने घातलेल्या बंदीपायी गार्डियनपदही जाऊ शकतं.

अजून सगळे धडधाकट आहोत. आत्ता काय करून ठेवू?

आरोग्याच्या मुखत्यारपत्रात एक परिच्छेद घाला: “मी आजारी पडल्यावर या या माणसांना मला भेटू द्यावं.” नावं लिहा, मित्रमैत्रिणींचीही, कारण कायद्याच्या यादीत त्या मागे पडतात. नको असलेलं नाव असेल तर तेही लिहा. पुढेमागे गार्डियन नेमायची वेळ आली, तर तुमच्या इच्छेचा तुमच्याच सहीचा पुरावा कोर्टापुढे असेल.

बाबा आता मला ओळखत नाहीत. मग भेटीसाठी भांडण्यात अर्थ आहे का?

गार्डियन हाच मुद्दा कोर्टात मांडतो: “त्यांना काहीच कळत नाही, मग भेट कशाला?” कुठल्याही कायद्यात भेटीच्या हक्कासाठी नाव आठवण्याची अट नाही. पण न्यायाधीशांना तुम्हाला काहीतरी दाखवावं लागेल, म्हणून बारकाईने बघा. तुम्ही हात धरला की त्यांची मूठ सैल होते का? त्यांच्या ओळखीची ओवी म्हटली तर ओठ हलतात का? तुम्ही शेजारी बसलात तर दोन घास जास्त जातात का? नर्सने ते पाहिलं असेल तर तिला तिच्या नोंदीत लिहायची विनंती करा, आणि तुमच्या वहीत त्या दिवसाची तारीख घाला.